बाकाखालच्या सपाता

१

तिल्काचं नशीब फिरलं ते सपातांपायी. आणि एकदा नाही बरं का, दोनदा.

पहिली वेळ गेल्या हिवाळ्यातली. कचरा टाकायला म्हणून ती घरातल्या सपाता घालूनच जिना उतरली. खाली शेजारीण भेटली. बोलता बोलता दोघी चालायला लागल्या, आणि भान आलं तेव्हा तिल्का पावाच्या दुकानात उभी. पायांत लोकरीच्या सपाता, त्यांना बर्फ चिकटलेलं. आता दुसऱ्या मुलखात याचं कुणाला काही वाटणार नाही. पण आमच्याकडं बूट घालून घरात शिरला तो रानटी, आणि सपाता घालून रस्त्यावर आली ती म्हातारी कामातून गेली. मध्ये तिसरं काही नाही. संध्याकाळपर्यंत बातमी तिच्या लेकीच्या, नेझाच्या कानावर.

"आई, तू सपातांत दुकानात गेलीस?"

"गेले. पाव मिळाला की."

"हसण्यावारी नेऊ नकोस. लोक काय म्हणतायत माहितीये?"

"सपाता फाटक्या होत्या म्हणतायत?"

नेझाला काही हसू आलं नाही. तिल्काचं दुखणं असं की जन्मभर तिनं लोकांच्या खोड्या काढल्या, त्यामुळं ती खरं बोलली तरी समोरचा आधी इकडंतिकडं बघायचा. शाळेच्या स्वयंपाकघरात होती तेव्हा नवी पोरगी कामाला आली की तिल्का कच्चा लाल कांदा सफरचंदासारखा कचकन चावायची. डोळ्यांत टिपूस नाही, चेहरा असा की जसा काही मध चाटतेय. "अगं, गोड आहे. खाऊन तर बघ." पोरगी चावायची, आणि मग नळाकडं पळायची.

तर आता नेझानं वृद्धाश्रमात आईचं नाव घातलं. तिल्का अडून बसली. वाद झाले, दारं आपटली, आणि शेवटी मायलेकींत एक ठरलं. तिल्कानं शुक्रवार ते रविवार एकटीनं परगावी राहायचं. मध्ये मदतीला फोन करायचा नाही. रविवारच्या गाडीनं आपल्या पायांनी नीट परत यायचं.

"आलीस तर तुझं घर तुझं. पुन्हा वृद्धाश्रमाचं नाव काढणार नाही," नेझा म्हणाली. "पण कुणाला तू सपातांत रस्त्यावर दिसलीस ना आई, तर मी तशीच तुला तिकडं नेऊन सोडीन."

तिनं आईच्या तपकिरी बुटांना नव्या लाल नाड्या ओवल्या. हरवू नयेत म्हणे. तिल्काला राग आला, पण नाड्या आवडल्या.

२

गाव निवडलं प्तुय. लहानसं, नदीकाठचं, वर किल्ला, खाली लाल कौलं. आपल्या क्रान्यहून गाडी बदलत बदलत ती शुक्रवारी दुपारी तिथं पोचली. जागा घेतली होती ती गल्लीतल्या एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर. मालकीण रोझालिया, हडकुळी, सारखा पदराला हात पुसावा तशी एप्रनला हात पुसणारी. किल्ली हातात देताना तिनं दारातच सांगितलं,

"बूट इथं. सपाता टोपलीत आहेत, त्यातल्या हव्या त्या घ्या. बाकाखालच्या तेवढ्या राहू द्या. त्या घरच्यांच्या आहेत."

"घरी कोण असतं?"

"कुणी नाही. मी पलीकडच्या घरात राहते."

"मग घरच्यांच्या म्हणजे कुणाच्या?"

रोझालियानं हात पुसले. "टोपलीतल्या चांगल्या आहेत, बाई. धुतलेल्या आहेत." आणि ती जिना उतरून गेली.

आता तुम्हीच सांगा, खोडकर बाईला असं सांगायचं असतं का? पाहुण्यानं घरच्याच्या सपातांना पाय लावायचा नाही, हे आमच्याकडं तान्ह्या पोरालाही कळतं. दुसऱ्याच्या टूथब्रशनं दात घासावेत तसलं ते. तिल्कालाही कळत होतं. तिनं इमानदारीत टोपलीतल्या घालून पाहिल्या. एक जोड थंडगार, एक जोड होडीएवढा, एकाची टाच चपटलेली. मग ती वाकली आणि बाकाखाली बघितलं.

राखाडी लोकरीचा जोड. साधा. पण उजव्या पायाला, अंगठ्याच्या मुळाशी, फुगवटा आला होता. तिल्काच्या उजव्या पायाचं हाड तिथंच वाढलेलं. डाव्या सपातेची टाच बाहेरच्या अंगाला झिजली होती. कमरेचं दुखणं सुरू झाल्यापासून तिल्काचा डावा पाय तसाच पडायचा.

"अस्सं!" ती मोठ्यानं म्हणाली. तिनं पाय घातले. बसल्या म्हणजे अशा बसल्या, मापं काढून विणल्यासारख्या. आणि आतून कोमट. आत्ता कुणीतरी पाय काढून घेतल्यासारख्या.

तिला पहिल्यांदा काय वाटलं? भीती? छे. तिला हसू आलं. नेझा! जन्मभर आईच्या खोड्या सोसल्या, आज पोरीनं परतफेड केली. मालकिणीला हाताशी धरलं, सपाता घासून घासून आईच्या पायासारख्या केल्या, चुलीपाशी तापवून ठेवल्या. "शाब्बास गं पोरी," तिल्का भिंतीला म्हणाली. "पण मी काही फोन करायची नाही."

मग घर बघत फिरली. लांबट बोळ, त्याच्या टोकाला स्वयंपाकघर, शेजारी झोपायची खोली. खिडकीतून गल्ली दिसायची. लाकडी जमीन, तिच्यावर सपातांचा आवाज, सर्र टप, सर्र टप. डावा पाय घासायचा, उजवा टेकायचा. ती खिडकीशी थांबली.

सर्र टप.

तिनं खाली बघितलं. दोन्ही पाय जागच्या जागी.

जुनी घरं, लाकूड बोलतं, असं मनाशी म्हणत तिनं पिशवीतला पाव काढला. पण पाव चावताना ती अधूनमधून थांबायची. जेवताना मांजर आलंय का म्हणून कान देतो ना आपण, तशी.

३

प्रवासाचा शीण होता. शुक्रवारी ती बाहेर पडलीच नाही. उजेड असतानाच अंथरुणात शिरली.

शनिवारी सकाळी बूट घालायला गेली तर बूट ओले. तळव्याला चिखल, चिखलात एक पिवळं पान. नाड्या बांधलेल्या होत्या, आणि तिच्याच पद्धतीनं, दोन फास एकमेकांत अडकवून. लहानपणी बापानं शिकवलेली गाठ, नेझालासुद्धा जमायची नाही. पान तिनं उचलून खिशात ठेवलं. 'ही मालकीण आहे की काय बूट घालून हिंडणारी?' पण मालकिणीचे पाय चिमणीएवढे.

बाजारात ऊन पडलं होतं. भोपळ्याच्या बियांचं काळंहिरवं तेल, चीज, लाल कांद्यांच्या वेण्या. कांदेवालीनं तिल्काला लांबूनच बघितलं आणि कमरेवर हात ठेवले. पुढं तिचं नाव कळलं, फानिका. लालबुंद गालांची, मोठ्या आवाजाची.

"आलात! परत आलात! काल माझ्या जावयाला रडवलंत ते पुरलं नाही वाटतं?"

तिल्का जागच्या जागी थिजली, पण तोंड सवयीनं चालूच. "मी? मी कुणाला रडवलं?"

"घ्या! काल संध्याकाळी इथं उभं राहून कांदा कचकन चावलात. 'गोड आहे हो, खाऊन बघा.' आणि तो खुळा, त्यानं अख्खा अर्धा तोंडात घातला! रात्री जेवला नाही बिचारा. आम्ही सगळे हसून हसून मेलो." फानिकानं तिच्या खांद्यावर थाप मारली. "बाई, चेहरा काय ठेवता तुम्ही! डोळ्यांत टिपूस नाही!"

खरं सांगायचं तर तिल्काला त्या क्षणी जे वाटलं ती भीती नव्हती. मत्सर होता. तिची खोडी. तिची, इतक्या वर्षांची, घासून पुसून चकचकीत केलेली खोडी दुसरी कुणी येऊन करून गेली, आणि हशाही तिनंच घेतला.

"तिनं कपडे काय घातले होते?" तिल्कानं विचारलं.

"तिनं कुणी?"

"मी. मी काय घातलं होतं?"

फानिका पुन्हा हसायला लागली. "बघा, बघा, आता माझी फिरकी घेतायत! हेच. हाच कोट. आणि ते लाल नाड्यांचे बूट."

तिल्काही हसली. हसावं लागलं. न हसती तर त्या बाईच्या डोळ्यांत दुसरंच काही आलं असतं, आणि ते तिनं क्रान्यच्या पावाच्या दुकानात एकदा पाहिलेलं होतं.

४

दुपारी ती नदीकाठी बाकावर बसली आणि डोकं चालवलं. एक, आपण काल बाहेर गेलो आणि विसरलो. म्हणजे नेझाचं खरं. दोन, नेझानं एखादी नाटकवाली बाई आणली. पण ती गाठ? तो कांदा, टिपूस न काढता? तीन… तिसरं काही तिला सुचेना, आणि न सुचलेल्याचीच तिला जास्त हौस वाटायला लागली. या वयात कोडं मिळतं कुठं? सगळे आपले गोळ्या घेतल्या का विचारतात.

परतताना रोझालिया अंगणात चादरी वाळत घालत होती.

"रोझालियाबाई, त्या घरच्या म्हणजे कुणी बाई आहे का? माझ्याएवढी?"

रोझालियाचे हात चादरीवर थांबले. "का? तुम्ही टोपलीतल्याच घातल्यात ना?"

आणि इथं, बघा, तिल्कानं खरं सांगायला हवं होतं. पण तोंडातून सवयीनं निघून गेलं,

"तर काय! होडीएवढ्या आहेत. पाय फिरतात आत."

रोझालियानं श्वास सोडला. इतका मोठा की चादर हलली. "मग काही नाही. मग तुम्ही उद्या आरामात जाल." तिनं चिमटा लावला, आणि पुटपुटल्यासारखी म्हणाली, "लोक ऐकत नाहीत हो. गार पडतात ना पाय."

"ऐकलं नाही तर काय होतं?"

"माझी आई विचारू द्यायची नाही. मीही विचारलं नाही."

बस, एवढंच. आणि दुसरी चादर घेतली.

वर आल्यावर तिल्कानं बाकाखाली बघितलं. सपाता तिथंच. तिनं ठरवलं, आता पाय लावायचा नाही. पण जमिनीवरून गार वारा असा यायला लागला की पोटऱ्यांत गोळे. आमच्याकडं माणसं वाघाला भीत नाहीत, पण दाराखालून येणाऱ्या वाऱ्याला भितात. शेवटी घातल्याच. पुन्हा कोमट.

मग तिनं स्वयंपाकघरातल्या लोकांचा जुना डाव काढला. कपाटात पिठाचा डबा होता. झोपण्याआधी बुटांच्या जागेपासून झोपायच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत, अख्ख्या बोळात तिनं पीठ भुरभुरलं. पातळ, सारखं, लाटण्याआधी ओट्यावर टाकतात तसं. मागं मागं सरकत, खोलीत येऊन तिनं दार लोटलं. सपाता पायांत तशाच ठेवून पांघरुणात शिरली. म्हटलं, पायांत असल्या म्हणजे कुठं जात नाहीत.

"ये गं बाई," ती दाराकडं बघून म्हणाली. "बघू तरी कशी दिसतेस."

५

जाग आली तेव्हा चर्चची घंटा वाजत होती. ऊन पार पलंगावर. तिल्का इतकी उशिरा कधी उठत नाही. तिनं आधी पाय बघितले. सपाता होत्या. तिनं त्या काढून तळवे बघितले. स्वच्छ, पिठाचा कण नाही. सपातांच्याही तळाला नाही.

मग दार उघडलं.

पिठात पावलं होती. अनवाणी. तिच्या उंबऱ्यापासून सुरू झालेली, पलीकडं जाणारी. येणारी एकही नाही. उजव्या पावलाला अंगठ्याच्या मुळाशी गोल फुगवटा, डावं पाऊल बाहेरच्या अंगाला घासत गेलेलं. बोळाच्या दुसऱ्या टोकाला, बाकापाशी, ती अनवाणी पावलं थांबली होती, आणि तिथून दारापर्यंत बुटांचे ठसे.

बूट नव्हते. कोट नव्हता. पिशवी नव्हती.

तिल्का गुडघ्यावर बसली. तिनं आपला उजवा पाय एका ठशाशेजारी टेकवला. बराच वेळ ती दोन्ही पावलांकडं बघत राहिली. शाळेत पोरं दोन चित्रांतला फरक शोधतात तशी. फरक नव्हता.

खिडकीकडं धावली. गल्ली रिकामी होती. फक्त खालच्या टोकाला, स्टेशनकडं वळतात तिथं, एक बाई पाठमोरी चालली होती. अंगात तिल्काचाच कोट. डावा पाय थोडा बाहेर टाकत, तरी भराभरा, हलकी, लग्नाला निघाल्यासारखी. वळणावर ती थांबली, वाकली, नाडी बांधली. लाल ठिपका दिसला. उठताना तिनं मान थोडी वळवली. गाल दिसला, कानाची पाळी दिसली. आणि मग तिनं, मागं न बघताच, एक हात वर करून हलवला.

अगदी तिल्का हलवते तसा.

"थांब!" तिल्का ओरडली, समोर दिसलं ते पायांत सरकवलं आणि जिना उतरली. रस्त्यावर आली, धावली, आणि मग लोकांच्या नजरा बघून तिच्या लक्षात आलं. रविवार. सगळं गाव चांगले कपडे घालून चर्चहून परतत होतं. आणि ती मध्ये उभी, केस मोकळे, घरातला झगा. पायांत सपाता.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

फानिका गर्दीतून पुढं आली. रविवारची टोपी, मोठा आवाज आज खाली आणलेला. तिनं तिल्काचं कोपर धरलं, हळूच, अंडं धरावं तसं. "या, बाई. वर जाऊ या आपण. गार आहे ना? सपातांत बाहेर नाही यायचं."

"फानिका, अगं मी! कांदा! जावई!"

"हो, हो. सकाळी सांगून गेल्या हो तुमच्या बहीणबाई. म्हणाल्या, घरी एकटी आहे, बाहेर आली तर आत न्या." तिनं तिल्काचा हात थोपटला. "किती काळजी करतात तुमची. स्वभाव किती मजेचा!"

६

फानिका तिला वर सोडून गेली तेव्हा स्वयंपाकघराच्या टेबलावर फोन वाजत होता. तिल्काचा फोन. तेवढा राहिला होता. पडद्यावर नेझाचं नाव. मदतीला फोन करायचा नाही असं ठरलं होतं, आलेला घ्यायचा नाही असं नव्हतं. तिल्कानं झडप घातली.

"नेझा! नेझा, ऐक—"

"हॅलो? घरच्या बोलताय का?" नेझाचा आवाज. पण कसा, तर दुकानदाराशी बोलावं तसा. "माफ करा हं, त्रास देतेय तुम्हाला. आईचा फोन तुमच्याकडं राहिला. ती गाडीत बसलीये, कुणाचातरी फोन मागून बोलली आत्ता."

"अगं, मी आई! मीच आई बोलतेय!"

मग नेझा खळखळून हसली. कित्येक दिवसांत तिल्कानं ते हसणं ऐकलं नव्हतं.

"आवाज काय काढता हो तुम्ही! हुबेहूब! आईनं सांगितलंच होतं, म्हणाली घरची बाई माझ्याहून खोडकर आहे, फोन केलास तर तुझी फिरकी घेईल."

"नेझा, तुझ्या पाठीवर डाग आहे. मनुक्याएवढा. तू लहानपणी—"

"ते पण सांगितलं का तिनं? काय बाई आहे!" नेझाचा आवाज मऊ झाला. "खरं सांगू का तुम्हाला, मी उगाच घाबरले होते. इतकं छान बोलली ती. सगळं आठवत होतं तिला. माझी माफी मागितली. आईनं! जन्मात कधी मागितली नव्हती. राहू दे तिला तिच्या घरी. मी उद्याच वृद्धाश्रमातून नाव काढून टाकते."

तिल्कानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुमचे आभार मानायचे होते, बाई," नेझा म्हणाली. "फोन टपालानं पाठवाल का? घाई नाही."

आयुष्यात पहिल्यांदा लेकीनं तिला अहोजाहो केलं, आणि फोन ठेवला.

७

पुन्हा लावायचा तर हात उचलेना. काय सांगणार? सगळं खरं ती आधीच सांगून बसली होती.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. रोझालियाचा आवाज, आणि दुसरा एक, परका, शिकल्यासवरल्या बाईचा. तिल्का स्वयंपाकघराच्या दाराआड झाली. का झाली, तिचं तिला कळलं नाही.

रोझालियानं आत पाऊल टाकलं आणि पीठ बघितलं. पावलं बघितली. मग मान वर केली. दाराच्या फटीतून तिची नि तिल्काची नजरानजर झाली, अगदी सरळ. रोझालियाचे हात एप्रनला पुसले गेले, पुसले गेले, पुसतच राहिले. आणि मग तिनं कोपऱ्यातला झाडू घेऊन पीठ लोटायला सुरुवात केली.

"आधीच्या बाई जरा पसारा करून गेल्या," ती पाहुणीला म्हणाली. तिल्काकडं तिनं पुन्हा बघितलं नाही. "बूट इथं. सपाता टोपलीत आहेत. बाकाखालच्या तेवढ्या राहू द्या. त्या घरच्यांच्या आहेत."

"बाकाखाली तर काहीच नाही," पाहुणी म्हणाली.

रोझालिया झाडू ठेवून घाईघाईनं जिना उतरली.

पाहुणी उंच, एकटी, खिडकीतून किल्ला बघून खूश झालेली. ती झोपायच्या खोलीत गेली तशी तिल्का दाराआडून निघाली. आवाज नको म्हणून तिनं सपाता काढल्या आणि पायानंच बाकाखाली सारल्या. जमीन बर्फासारखी. पण सपाता कशा दिसतात, ते तिनं वाकून बघितलंच. सवय जाते कुठं? उजवीकडचा फुगवटा बसला होता. टाच सरळ झाली होती. जोड लांबट, अरुंद दिसत होता.

ती परत दाराआड उभी राहिली. पाहुणी आली. टोपलीतला एक जोड घातला, काढला. दुसरा घातला, चुकचुकली. अनवाणी उभी राहून तिनं एका पायानं दुसरा पाय चोळला. मग बाकाखाली बघितलं.

"आत्ता तर नव्हत्या," ती स्वतःशीच म्हणाली.

तिल्काच्या घशापर्यंत शब्द आले होते. नको घालूस, बाई. एवढेच तर होते. पण दाराबाहेर पाहुणीचे बूट होते, पिवळ्या नाड्यांचे, आणि क्रान्यला जाणारी गाडी होती, आणि तिथं एक घर होतं.

पाहुणीनं मागं वळून बघितलं, कुणी नाही अशी खात्री केली, आणि अंगठ्यानं एक सपाता ओढली.

"अगबाई! कोमट आहे."

तिल्कानं तोंडावर हात दाबला. हसू होतं का रडू, ते तिलाही सांगता आलं नसतं. फटीतून तिनं त्या बुटांकडं बघितलं. लांबट होते, अरुंद. आपल्याला कसले बसतायत.

मग तिनं खाली आपल्या अनवाणी पायांकडं बघितलं. इतक्या वर्षांचं ते हाड कुठं दिसेना.

बसणार होते.